केल्सो पहिल्या नंबरावर

विलो साइडिंग, मॅनिटोबा
२४ सप्टेंबर १९८३

श्री. सारेला यांना,

तुमची माझी ओळख नाही. माझा मुलगा उन्हाळ्यात घरी आला होता, तेव्हा त्याच्या धुवायच्या कपड्यांत केल्सो कॉलेजच्या बर्फावरच्या हॉकी सामन्याचं एक पत्रक निघालं. त्याच्या मागच्या पानावर तुमची जाहिरात होती. लीगमधल्या आठ संघांचा मोसमाअखेरचा क्रम आधीच लावून पाठवायचा, ज्याचा अंदाज सगळ्यांत जवळ जाईल त्याला धुरी दिलेला मासा बक्षीस. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला दर महिन्याला गुणांचा कागद घरपोच.

मासा मला नको. आमच्या तळ्यात पुष्कळ आहेत. मला तो कागद हवाय.

माझा मुलगा मायरन दानिल्युक तुमच्या केल्सोचा गोलकीपर आहे. यंदा त्याचं दुसरं वर्ष. पत्र लिहीत नाही. मागच्या वर्षी एकदा लिहिलं, त्यात मोजे मागितले होते. तुमच्याकडची वर्तमानपत्रं इथे येत नाहीत. आमच्या घरी फोन नाही, स्टेशनात आहे. पण तिथे बोलायचं म्हणजे अख्ख्या गावासमोर बोलायचं.

माझा क्रम सोबत लिहिलाय. केल्सो पहिला. बाकीचे सात मी नावं आवडली तसे लावलेत.

मैदानात बसल्या जागेवरून मुलगा नीट जेवतोय की नाही ते दिसत असेल, तर तेवढं कळवा.

स्टेफनिया दानिल्युक


टोरी पॉइंट, मिशिगन
४ ऑक्टोबर १९८३

मिसेस दानिल्युक,

तुमचा अंदाज पोचला आणि इतरांबरोबर खिळ्याला अडकवलाही. स्पर्धा सुरू झाल्यापासून केल्सोला पहिल्या नंबरावर ठेवणाऱ्या तुम्ही दुसऱ्या. पहिला होता तो मेहुण्याच्या लग्नाच्या पार्टीतून थेट पोस्टात गेला होता, त्यामुळे त्याला धरत नाही. शुद्धीत असून असं लिहिणाऱ्या तुम्हीच पहिल्या.

खोटी आशा लावत नाही, केल्सो सलग चार वर्षं आठवा आलाय. आमच्या गावात सूर्य उगवायला उशीर झाला तरी लोक म्हणतात, केल्सोकडून शिकला असेल. तरी दर शुक्रवारी-शनिवारी सगळं गाव रिंकवर हजर. उणे वीस तापमानात माणसाने दुसरं करायचं तरी काय?

हिशेब सोपा आहे. तुम्ही चौथा लावलेला संघ सातवा आला की तुमच्या नावावर तीन. असे आठही संघांचे मिळवायचे. बेरीज जितकी मोठी तितकी फजिती मोठी. ही स्पर्धा मी आणि माझी बायको लेंपीने सुरू केली. ती बेरजा करायची, मी भांडणं सोडवायचो. ती गेल्यापासून दोन्ही माझ्याकडे. बेरजा बऱ्या. भांडणं विचारू नका. इथला दातांचा डॉक्टर स्वतःच्या नावाने एक आणि कुत्र्याच्या नावाने एक असे दोन अंदाज पाठवतो, आणि गेल्या वर्षी कुत्रा जिंकला. पाद्रीबाबा म्हणाले, मासा कुत्र्यालाच मिळाला पाहिजे, मालकाला नव्हे. डॉक्टर अजून माझ्याशी बोलत नाही. दात दुखला तर पंचाईत आहे.

मी बरोबर गोलच्या मागे, काचेला नाक लावून बसतो. जन्मभर बंदरात, जहाजांत खनिज भरायच्या धक्क्यावर काम केल्याने कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. तुमच्या मुलाबद्दल कागदाच्या तळाशी चार ओळी लिहीत जाईन.

आर्विड सारेला


टोरी पॉइंट
८ नोव्हेंबर १९८३

मिसेस दानिल्युक,

पहिल्या महिन्याचा कागद सोबत आहे. केल्सो आठवा. ते सोडा.

तुमच्या मुलाने शनिवारी जे केलं ते ऐका. शेवटची दोन मिनिटं, आपण एका गोलने पुढे (हो, पुढे!), आणि त्यांचे धिप्पाड गडी दोघेच चकती घेऊन अंगावर आले. मायरन आडवा झाला. चकती त्याच्या बुटाला लागली, वर उडाली, आणि त्याने पाठीवर पडल्या पडल्या ती हवेत झेलली. रिंकमध्ये असा आवाज झाला की मला सुद्धा ऐकू आला.

सामन्यानंतर मी बाहेर थांबलो. म्हटलं, "तुझ्या आईचा माणूस आहे मी. पेस्टी खाणार?" तो म्हणाला, "आईचा माणूस म्हणजे?" मी स्पर्धेचं सांगितलं. तुम्ही केल्सोला पहिलं लावलंत हे ऐकून बर्फात बसून हसला पोरगा. मग मांस-बटाटा भरलेल्या दोन पेस्टी खाल्ल्या, कडांसकट. बारीक आहे, पण खातो.

आर्विड


विलो साइडिंग
२० नोव्हेंबर १९८३

आर्विड,

तुमचं पत्र मी टेबलावर ठेवलं आणि कोंबड्यांकडे गेले. परत आले तर ते उलटं ठेवलेलं. म्हणजे माझ्या नवऱ्याने वाचलं. मेट्रो कबूल करणार नाही. जेवताना मात्र एकदम म्हणाला, "पाठीवर पडून झेलता येते का चकती?" मी म्हटलं, "मला काय माहीत, मी वाचलेलं नाही अजून."

तुम्हाला सांगायला हरकत नाही. मेट्रो रेल्वेच्या गँगचा मुकादम आहे. मायरनला त्याने लाइनवर नोकरी ठरवून ठेवली होती. पोराने केल्सोची शिष्यवृत्ती घेतली तेव्हा मेट्रो त्याला म्हणाला, "जा. पण बर्फ वितळलं की माझ्या दारात येऊ नकोस." तेव्हापासून दोघे बोललेले नाहीत. उन्हाळ्यात तीन आठवडे एका घरात राहिले आणि मिठाची बरणी माझ्यामार्फत मागत होते.

आमचा नाताळ जुन्या पंचांगाने, सहा जानेवारीच्या संध्याकाळी. तेव्हा त्याला चार दिवस सुट्टी मिळेल का, तेवढं त्याला विचारा. मी विचारलं तर उत्तर येणार नाही.

स्टेफनिया


टोरी पॉइंट
१९ डिसेंबर १९८३

स्टेफनिया,

कागद सोबत आहे. केल्सो आठवा, वरचे तीन संघ एकमेकांच्या मानगुटीवर. डॉक्टरचा कुत्रा पुन्हा आघाडीवर आहे. लोक चिडलेत.

मायरनला सहा तारखेला यायला जमेलसं दिसत नाही. त्या दिवशी सामना आहे. तब्येत चांगली आहे. खातो.

इथे फार बर्फ पडतंय, छपरं साफ करता करता माणूस थकतो. म्हणून पत्र छोटं.

आर्विड


विलो साइडिंग
९ जानेवारी १९८४

आर्विड,

सहा तारखेच्या संध्याकाळी आम्ही दोघंच होतो. रीतीप्रमाणे बारा पदार्थ केले. कमी करायला मन झालं नाही. मायरनची थाळी मांडली. मेट्रोने ती खुर्ची स्वतःच्या बाजूला सरकवली.

जेवणानंतर मेट्रोने रेडिओ लावला. म्हणाला बातम्या ऐकतो. पण काटा फिरवत फिरवत तो कुठे गेला ते मला कळत होतं. आकाश स्वच्छ असलं की तुमच्या बाजूचं स्टेशन लागतं. खरखरीत का होईना, केल्सोचा सामना लागला. आम्ही दोघं कान लावून बसलो. गोलकीपरचं नाव आलं: पेल्की. पुन्हा पेल्की. पूर्ण सामनाभर पेल्की.

मेट्रो म्हणाला, "हा पेल्की कोण?"

आर्विड, हा पेल्की कोण? मायरनला लागलंय का? लागलं असेल तर सरळ लिहा. मी घोड्याने पाय मोडलेला माणूस स्वयंपाकघरात निजवून शिवलेला आहे. मला भोवळ येत नाही.

स्टेफनिया


टोरी पॉइंट
१६ जानेवारी १९८४

स्टेफनिया,

घाबरू नका. मायरनच्या मांडीचा स्नायू दुखावलाय. गोलकीपर लोकांना हे होतंच, दिवसभर खाली बस, वर ऊठ. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. पेल्की हा पहिल्या वर्षाचा पोरगा, तात्पुरता उभा केलाय. बरा आहे, पण मायरनची सर नाही.

तुम्हाला काळजी वाटेल म्हणून मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. मायरन मजेत आहे. मोसमाच्या शेवटाला उभा राहील असं सगळे म्हणतात.

तुमची बेरीज सध्या सगळ्यांत मोठी आहे. पण केल्सो पहिला आला असता तर तुम्हीच जिंकला असता!

आर्विड


विलो साइडिंग
२८ जानेवारी १९८४

आर्विड,

देव तुमचं भलं करो. पत्र वाचून मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही थोडा वेळ. स्नायू! स्नायू म्हणजे काय, गरम मीठ बांधलं की झालं.

मेट्रोने या वेळी पत्र उघड उघड हातात घेऊन वाचलं. शनिवारी क्लबात गेला आणि सगळ्यांना सांगून आला. तिथे लोक विचारत होते ना, तुझा पोरगा अमेरिकेत नक्की करतो काय. हा म्हणाला, "स्नायू दुखावलाय. पहिल्या नंबरचा गोलकीपर आहे तो तिथे. लोक त्याच्यावाचून अडून बसलेत." परत आला तेव्हा बर्फाचे बूट न काढताच आत आला. तो इतका खूश असला की मी ओरडत नाही.

आता खरी गोष्ट. आम्ही येतोय. शेवटचे दोन सामने दोन आणि तीन मार्चला तुमच्याकडेच आहेत ना? मेट्रोकडे रेल्वेचा पास आहे, पुढे बस. तो स्वतः म्हणाला. मी नाही काढलं. म्हणाला, "पोरगं उभं राहणार असेल तर एकदा बघून यावं." मायरनला सांगू नका. मेट्रोला त्याचा चेहरा बघायचाय.

येताना खसखशीची पोळी आणते. तुम्हाला खसखस चालते का?

स्टेफनिया


टोरी पॉइंट
६ फेब्रुवारी १९८४

स्टेफनिया,

हे पत्र बसून वाचा. मेट्रो घरी असेल तर त्यालाही बसवा.

स्नायू वगैरे काही नाही. मी ते रचलं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मायरनवर नऊ गोल झाले. त्याचा एकट्याचा दोष नव्हता, पुढचे गडी उन्हात फिरायला आल्यासारखे फिरत होते. पण शिक्षा त्याला झाली. दोन सत्रं संपल्यावर प्रशिक्षकाने सगळ्यांदेखत त्याला म्हटलं, "तुझ्याजागी कोळशाचं पोतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं." मायरनने त्याला ढकललं. माणूस बाकावर पडला, मनगट मोडलं. संघातून काढलं, शिष्यवृत्ती गेली, पाठोपाठ कॉलेजही. आठवडाभरात सगळं.

तो मला रिंकच्या मागच्या दारापाशी सापडला, बॅग घेऊन उभा होता. म्हटलं, "बस कुठे पकडतोयस?" तो म्हणाला, "कुठलीच नाही." मी त्याला घरी आणलं. तेव्हापासून तो माझ्याकडे, माडीवरच्या खोलीत आहे. सकाळी आम्ही लोकांची छपरं साफ करतो. काम चांगलं करतो, बोलत नाही.

पहिल्याच दिवशी म्हणाला, "आईला कळवू नका. नाताळ झाला की मीच सांगेन." मी शब्द दिला. नाताळ झाला, तेव्हा म्हणाला, "मोसम संपू दे." आणि तुमचं पेल्कीचं पत्र आलं. स्नायूचं पत्र मी लिहिलं तेव्हा तो पलीकडे भांडी घासत होता. काय लिहितोय ते मी त्याला सांगितलं नाही. मला वाटलं, चार आठवडे मिळतील, तेवढ्यात पोराला बोलतं करीन, तो स्वतः लिहील, आणि माझं खोटं त्याच्या खऱ्याखाली दबून जाईल.

तुम्ही दोघं येताय हे मात्र मी काल त्याला सांगितलं. सांगू नका म्हणाला होतात, पण वेगळा इलाज नव्हता. त्याने विचारलं, "आई एकटी?"

"दोघं."

"ते कशाला?"

"तुला बघायला."

मग त्याने फावडं उचललं आणि माझंच छप्पर साफ करायला गेला. ते आम्ही सकाळीच साफ केलं होतं.

फोन का केला नाही, असं म्हणाल. केला. स्टेशनचा नंबर मिळवला. पलीकडून आवाज आला, "मेट्रो बोलतोय." मी रिसीव्हर ठेवून दिला. एवढी माझी हिंमत.

लवकर या. मार्चपर्यंत थांबू नका. तो इथे आहे, मी त्याला धरून ठेवतो.

आर्विड


विलो साइडिंग
१७ फेब्रुवारी १९८४

आर्विड,

पत्र आधी मेट्रोने उघडलं. आता तो माझ्याआधी उघडतो. वाचून झाल्यावर माझ्या हातात दिलं आणि कोठारात गेला. मी तुमच्याबद्दल काय म्हणते ते समोर आल्यावर म्हणेन. आत्ता तो जिवंत आहे, छपराखाली आहे, खातोय, एवढंच धरून बसलेय.

आम्ही सोमवारी, सत्तावीसला निघतो. त्याआधी मेट्रोला रजा नाही, बर्फाने लाइन दोन ठिकाणी दबलीय. मंगळवारी संध्याकाळच्या बसने पोचू.

मेट्रो कोठारातून आला तो म्हणाला, "त्याला लिही, ट्रकचा क्लच गेलाय, एकट्याने निघत नाही." मी म्हटलं, "एवढंच?" तो म्हणाला, "त्याला कळेल." तेव्हा हे मायरनला जसंच्या तसं सांगा. आमच्या घरात यापेक्षा गोड बोललेलं मी ऐकलेलं नाही.

आणि क्लबात मेट्रो स्नायूचं सांगून बसलाय, त्याचं तो बघून घेईल. लोक हसतील तर हसतील. मायरनने त्याची काळजी करायची नाही.

त्याला कुठे जाऊ देऊ नका.

स्टेफनिया


टोरी पॉइंट
१२ मार्च १९८४

स्टेफनिया,

तुम्ही इथे होतात तेव्हा मेट्रोसमोर माझ्याने सगळं बोलवलं नाही. "रविवारी सकाळी उठलो तर खोली रिकामी होती," एवढंच मी तुम्हाला सांगितलं. ते खरं होतं, पण अर्धं. उरलेलं लिहितो.

तुमचं पत्र शनिवारी, पंचवीसला आलं. मला इतका आनंद झाला की मी जिन्याखालूनच हाक मारली, "मायरन, खाली ये, तुझ्या बापाचा निरोप आहे!" तो आला. मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. क्लचपाशी तो हसला. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. म्हणाला, "तो क्लच माझ्या लहानपणापासून जातोय." मला वाटलं, झालं, जिंकलो आपण. आणि त्या भरात मी पुढचं वाचत गेलो. क्लबाचं. स्नायूचं.

तो म्हणाला, "कसला स्नायू?"

मला सांगावं लागलं.

"म्हणजे बाबांनी हे सगळ्यांना सांगितलं?"

"अभिमानाने सांगितलं रे."

"तेच म्हणतोय मी." मग म्हणाला, "मिस्टर सारेला, माझे बाबा जन्मात माझ्याबद्दल चांगलं एकदाच बोलले. ते पण खोटं निघालं. आता ते परत जाऊन त्या माणसांसमोर काय सांगणार? माझ्यामुळे?"

मी म्हटलं, "तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे."

तो म्हणाला, "त्यांना तुम्ही माहीत नाही. त्यांचा मुलगा माहीत आहे."

मग त्याने जेवण केलं, ताटं धुतली, शुभरात्री म्हणाला. मी निर्धास्त झोपलो. ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे.

बसथांब्यावरचा माणूस म्हणतो, पश्चिमेकडची बस पकडली. शेरीफच्या पोलीस कचेरीत जाऊन आलो. ते म्हणतात, वयात आलेला मुलगा आहे, स्वतःच्या पायाने गेलाय, आम्ही काय करणार. मिनेसोटातल्या दोन ओळखीच्या रिंकवाल्यांना फोन केले. काही नाही.

शनिवारच्या सामन्याला मायरन कुठूनतरी येईल म्हणून मेट्रो थांबला, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. माझ्या जागेवर, गोलच्या मागे, टोपी हातात घेऊन तिन्ही सत्रं उभा होता. पेल्कीकडे बघत. शेवटी मला म्हणाला, "हा पोरगा वाईट नाही." मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

आर्विड


विलो साइडिंग
२ एप्रिल १९८४

श्री. सारेला,

तुमचा शेवटचा कागद मिळाला. केल्सो आठवा. मी सगळ्यांत शेवटी. कुत्रा जिंकला.

मायरनचं काही कळलेलं नाही. रेजायनाला माझी बहीण आहे, विनिपेगला मेट्रोचा भाऊ. दोघांनी विचारलं. रेल्वेच्या माणसांना मेट्रोने स्वतः सांगितलंय, गाड्यांत, यार्डांत लक्ष ठेवा म्हणून. त्यासाठी त्याला प्रत्येकाला सगळं सांगावं लागलं, कोळशाच्या पोत्यापासून. त्याने सांगितलं. कोणी हसलं नाही. मायरनला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही, हे त्याला कोण जाऊन सांगणार?

मेट्रो क्लबात जात नाही आता. लोकांनी बोलावलं, तरी नाही. संध्याकाळी ट्रकखाली आडवा पडतो. क्लच निघालाय, तो बसवत नाही.

तुमच्या स्वयंपाकघरात मी तुम्हाला काहीच बोलले नाही. बोलायचं ठरवून आले होते. पण तुम्ही त्याच्यासाठी माडीवर घातलेला बिछाना बघितला, आणि तुमच्या बायकोची गोधडी त्याच्या अंगावर दिली होतीत ते बघितलं. मग तोंड उघडेना. म्हणून आता लिहिते. तुम्ही त्याला घर दिलंत, ते मी विसरणार नाही. आणि तुम्ही जानेवारीत मला खरं लिहिलं असतं तर मी त्याच दिवशी निघाले असते, एकटी, मेट्रोला न सांगता, आणि त्याला कानाला धरून आणलं असतं. तो आला असता. मी त्याला ओळखते. तुम्ही मला घाबरवायला नको म्हणून खोटं लिहिलंत. मी घाबरत नाही हे मी तुम्हाला आधीच लिहिलं होतं.

त्या पत्राने मी फार सुखात होते. ते सुखसुद्धा आता आठवलं की तोंड भाजतं.

पुढच्या मोसमाचा कागद मला पाठवू नका. त्याची काही खबर आली तरच लिहा.

स्टेफनिया दानिल्युक


टोरी पॉइंट
२१ ऑक्टोबर १९८४

स्टेफनिया,

आज मायरनचा फोन आला. फोन ठेवल्या ठेवल्या हे लिहायला बसलोय. जे झालं तेच लिहितो. काही घालत नाही, काही गाळत नाही. स्टेशनच्या नंबरावर आधी फोन केला, रविवार असल्याने कोणी उचलला नाही. उद्या पुन्हा करीन, पण पत्र आधी टाकतो.

दुपार होती. मी फोन कानात खुपसून धरला तरी नीट ऐकू येत नव्हतं, पाठीमागे यंत्रांची घरघर होती.

"मिस्टर सारेला?"

मी आवाज ओळखला. म्हटलं, "कुठे आहेस?"

त्याने ते सांगितलं नाही. म्हणाला, "केल्सोचं काय झालं काल?"

मी म्हटलं, "हरले. परवाही हरले. कुठे आहेस तू?"

"स्पर्धेत पुढे कोण आहे?"

मी म्हटलं, "यंदा स्पर्धा नाही." लोकांना मी कागद छापायचं यंत्र बिघडलंय असं सांगितलंय, पण त्याला म्हटलं, "मला जमेना." मग म्हटलं, "मायरन, तुझी आई, तुझे वडील इथे आले होते. रागावलेले नाहीत. तुझ्या बापाने सगळ्यांना खरं सांगितलंय, कोणी हसलं नाही. घरी फोन कर. आत्ता कर."

तो म्हणाला, "हं."

"करशील ना?"

"तुम्ही कळवा, मी ठीक आहे म्हणून."

"मी नाही कळवणार, तू कळव," असं मी म्हणालो. ते चुकलं की काय कळत नाही. तेवढ्यात पलीकडे कोणीतरी हाक मारली, मायरन अशी नाही, दुसऱ्याच नावाने. तो म्हणाला, "जातो," आणि फोन बंद झाला. फोन कंपनीला विचारलं, कुठून आला ते सांगता येत नाही म्हणाले.

आवाज थकलेला होता. आजारी वाटला नाही. एवढंच.

आर्विड


विलो साइडिंग
२ नोव्हेंबर १९८४

श्री. सारेला,

तुमचा सोमवारचा फोन मेट्रोने घेतला होता. तो घरी येऊन म्हणाला, "सारेला म्हणतो, पोराचा फोन आला." आणि हात धुऊन जेवायला बसला. मी विचारत राहिले, काय म्हणाला, कुठे आहे. मेट्रो म्हणाला, "पत्र येतंय, त्यात बघ."

पत्र आलं. मी वाचलं. मग मेट्रो म्हणाला, मोठ्याने वाच. तो कधी असं म्हणत नाही. मी वाचलं. तो ट्रकच्या ग्रीसने माखलेले हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होता. "ठीक आहे म्हणून" पाशी मी थांबले, तर म्हणाला, पुढे. संपल्यावर म्हणाला, पुन्हा एकदा. मी पुन्हा वाचलं. यंत्रांची घरघर, दुसरं नाव, थकलेला आवाज, सगळं.

तुमचं पत्र अगदी खऱ्यासारखं आहे. पण मागचंही होतं. त्यात स्नायू होता, डॉक्टर होते, पेल्की पहिल्या वर्षाचा होता. मी प्रत्येक ओळ बघत बसले, यातली कुठली माझ्यासाठी घातली असेल. आवाज आजारी वाटला नाही, ही? केल्सोचं विचारलं, ही? की फोनच आला नाही, आणि थंडी सुरू व्हायच्या आधी दोन म्हाताऱ्यांना काहीतरी द्यावं म्हणून तुम्ही बसून हे लिहिलंत? तुम्ही मनाने चांगले आहात. तुमच्या हातून ते होऊ शकतं.

शपथ घेऊ नका. तिचा उपयोग होणार नाही.

मेट्रोने हातांचं ग्रीस पुसलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हे तरी खरं असेल का गं?"

मी त्याला म्हटलं, मला नाही सांगता येत.

स्टेफनिया दानिल्युक